पितळेचा नमुना

काकांच्या दुकानात बल्ब नव्हता. वीज होती, बटण होतं, छताला होल्डरही लोंबत होता. पण त्यात बल्ब नव्हता. पांढुर्ण्याच्या सराफा लाईनीतली बाकीची दुकानं ट्यूबलाईटनं झगमगायची आणि मधेच काकांचं दुकान, एखादा दात पडावा तसं, अंधारं. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "काका, लाईट गेली का?"

"गेली नाही, मीच पाठवली. बल्ब लेकाचा चापलूस असते. काचेलेही हिरा म्हणते."

काका जडाईचे सोनार होते, म्हणजे दागिन्यात खडे बसवणारे. त्यांच्याइतका बसलेला हात पांढुर्ण्यात दुसरा नव्हता, हे त्यांच्याशी भांडून गेलेली माणसंही मान्य करायची. अशी माणसं बरीच होती. हिरा पाहायचा तर सकाळी दहा ते बारा, तोही उत्तरेच्या खिडकीशी बसून. बारा वाजून पाच मिनिटांनी कोणी आलं तर "उद्या या". आभाळ असलं तरी "उद्या या". एका गिऱ्हाइकाला त्यांनी ढगांपायी चार दिवस लॉजवर थांबवलं होतं. पाचव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा ते गिऱ्हाईक म्हणालं, "काका, आता अंगठी राहू द्या. लॉजवाल्यालाच सगळे पैसे गेले."

"बरं झालं," काका म्हणाले. "तुमचं बजेटच कच्चं होतं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात त्या दिवशी, ते दुकानही बंद ठेवायचे आणि घराचं दारही. स्वतः पांढुर्ण्याचे आणि बायको सावरगावची. त्या दिवशी कोणत्या काठावर उभं राहायचं, याचा निकाल त्यांच्या घरात तीस वर्षांत लागला नव्हता.

गिऱ्हाईक बसलं की बाकीचे सोनार विचारायचे, "किती ग्रॅममध्ये पाहिजे?" काका विचारायचे, "बोट काय काम करते?" डॉक्टरनं पोट दाबून पाहावं तसं त्यांचं चालायचं. भाकरी थापते की पोळ्या लाटते? भांडी राखेनं घासते की पावडरीनं? एका व्यापाऱ्याच्या बायकोनं एकदा ऐटीत सांगितलं, "मी काहीच काम करत नाही. बाई आहे कामाला." काकांनी भिंग खाली ठेवलं. "मग अंगठी बाईलेच घाला. तिचं बोट तरी लोकांच्या नजरेत येते."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य माझ्या यादीत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी सव्वीस वर्षांचा, सौंसरला सिंचाई खात्यात बाबू. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नसे, अजूनही जात नाही. माझी सोयरीक मोहगावला ठरली. घर शेतकऱ्याचं, संत्र्याचा बगीचा आणि थोडा कापूस. तुळशीच्या लग्नानंतर साक्षगंध, म्हणजे आमच्या भागातला साखरपुडा. त्याच्या तयारीच्या पंचवीस बाबी मी वहीत लिहून काढल्या. बाब चार होती: अंगठी, सोन्याची, साधी.

मग बैठक झाली. होणाऱ्या सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या की मोठ्या मुलीला नागपूरच्या जावयांनी हिऱ्याची अंगठी घातली. पोहे आले तेव्हा पुन्हा म्हणाल्या. चहा आला तेव्हा तिसऱ्यांदा म्हणाल्या. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही हिऱ्याचीच घालणार आहे." शेजारी बसलेल्या माझ्या मामांना ठसका लागला. दाराआड बांगड्या वाजल्या.

घरी येऊन मी बाब चारमधला 'साधी' हा शब्द खोडून 'हिऱ्याची' असं लिहिलं. पुढच्या रकान्यातले अडीच हजार मात्र खोडता आले नाहीत. तेवढेच होते.

पुढच्या सुटीला पहिल्या बसनं पांढुर्णा गाठलं. खिशात मुलीच्या बोटाच्या मापाचा दोरा होता, मामांनी मोहगावहून गाठ मारून आणलेला. हातात प्रश्नांची यादी. काकांनी ती यादी घेतली, वरून खालपर्यंत वाचली आणि तराजूच्या पेटीखाली सरकवली.

"अडीच हजारात किती मोठा हिरा येईल, काका?"

"कोणाले दाखवाचा आहे?"

"सासूबाईंना."

"मग त्यांच्याच बोटात घाला ना जी."

कागदाची एक पुडी उलगडून त्यांनी खिडकीशी पांढऱ्या कागदावर पाच खडे मांडले. "निवडा."

मी सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं.

"हा मोठा आहे, पण झोपाळू आहे. पाहा, उजेड आत गेला तो बाहेर आलाच नाही. आत जेवला अन् झोपला." दुसऱ्याच्या पोटात काळा तीळ होता. तिसऱ्याला, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, कावीळ झाली होती. चौथा लखलखीत होता, पण त्याच्याकडे मी हात नेला तसा त्यांनी तो चिमट्यानं बाजूला घेतला. "हा तुमच्या बजेटकडे पाहूनही नाही राहिला." उरला पाचवा. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. काकांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि खडा जरासा फिरवला. त्या एवढ्याशा खड्यातून निळा, मग लाल, मग पांढरा असा उजेड उसळला.

"हा लहान आहे, पण गप्प नाही बसत," काका म्हणाले. "फुंकर मारा."

मी तोंडाची वाफ सोडली. खडा धुरकटला आणि त्याच क्षणी स्वच्छ झाला.

"काच असती तर तुमची वाफ धरून बसली असती. हा कोणाचं काही ठेवून घेत नाही."

"पण सासूबाईंना दिसेल का?"

"चष्मा लावतात?"

"लावतात."

"मग दिसते."

हिरा ठरला. आता तो बसवायचा कसा, हा प्रश्न होता. माझ्या यादीत दोन पर्याय होते. एक पंजा: चार नखांनी खडा वर उचलून धरायचा, म्हणजे उजेड जास्त लागतो आणि खडा मोठा वाटतो. दुसरा पांढऱ्या पाटीचा. त्या काळी ती फॅशन होती. लहान हिऱ्याभोवती पांढऱ्या धातूची पैलू पाडलेली पाटी लावायची. दोन हातांवरून सगळाच हिरा वाटतो. मला अर्थातच पाटी हवी होती.

"म्हणजे हिऱ्याले बाशिंग," काका म्हणाले. "पाच वर्षांच्या पोराले हातभर बाशिंग बांधलं म्हणून तो नवरदेव होते काय?"

"मग कोंदण?" कोंदण म्हणजे खड्याभोवती सोन्याची अखंड कड. "पण त्यात हिरा आणखी लहान दिसेल."

"दिसेल लहान. पण वीस वर्षांनीही दिसेल."

"म्हणजे कोंदणच करायचं?"

"मी कोण सांगणार? तुम्ही तरी कोण? ते बोट सांगते."

त्यांच्या मागे भिंतीवरच्या खिळ्याला एक लांब दोरी टांगलेली होती आणि तिच्यात ओवलेल्या पितळेच्या अंगठ्या. प्रत्येकीला नावागावाची चिठ्ठी. हे त्यांचे नमुने. सोन्याला हात लावायच्या आधी काका पितळेची तशीच अंगठी बनवायचे, हिऱ्याच्या जागी काच बसवायचे आणि जिच्यासाठी अंगठी असेल तिला आठ दिवस घालायला द्यायचे. मग ती परत आली की भिंगाखाली धरून काय अडकलं, काय घासलं, काय वाकलं ते पाहून जडाई ठरवायचे. सराफा लाईनीत यावरून हसायचे. काकांना त्याचं काही नव्हतं. "डॉक्टर लघवी तपासते तेव्हा कोणी हसत नाही," एवढंच ते म्हणत.

दोन तास बसवून त्यांनी माझ्यासमोर पंज्याचा नमुना केला आणि असा चकाकवला की मलाच तो सोन्याचा वाटला. दोऱ्यावर माप घेताना म्हणाले, "मी मापापेक्षा केसभर ढिली ठेवतो. उन्हाळ्यात बोट सुजते. माझी अंगठी कोणाच्या बोटात अडकली असं आजपर्यंत झालं नाही." मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ही पितळ आहे. आठ दिवस घालावी. कामात काढू नये. रात्री काढून ठेवावी. परत आणावी.

घरी आल्यावर मी यादीत दोन बाबी वाढवल्या. सव्वीस: नमुना मामांजवळ देणे. सत्तावीस: नमुना काकांना परत करणे. नमुना मामांजवळ दिला आणि सव्वीसपुढे खूण केली. चिठ्ठी वहीत नीट लावून ठेवली, कारण कागद मी कधी इकडेतिकडे जाऊ देत नाही.

मामांनी मोहगावला जाऊन "पोरानं पाठवली" म्हणून अंगठी दिली, चहा घेतला, पिशवीभर संत्री घेतली आणि परत आले.

सातव्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच होणारे सासरे आले. बैठकीपासून ते मला जावईबापू म्हणत होते. त्या दिवशी समोरच्या खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "बाबूसाहेब."

माझ्या हातातला पेन तिथेच थांबला.

"पाच दिवस आमच्या घरचीनं आख्ख्या मोहगावले अंगठी दाखवली. लहाना जावई कसा हौशी आहे म्हणून सांगत फिरली. काल मायलेकी चिंच लावून देवाची भांडी घासत बसल्या होत्या. पोरीच्या हातात कलश. कलश उजळला अन् अंगठीही उजळली. दोघांचा रंग एक!"

"नमुना होता तो!" मी ओरडलो. वही काढली, चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती सावकाश वाचली. उलटी करून मागची बाजू पाहिली. "हे तुमच्या वहीत काय करून राहिलं?"

चिठ्ठी देणे, ही बाब यादीत नव्हती.

"मले पटलं," ते म्हणाले. "पण तिले नाही पटणार. म्हणेल, पकडल्या गेले तेव्हा लिहिली. काल रातच्यालाच म्हणाली, परत करा ती अंगठी अन् सोयरीकही. आजच आणून देणार होतो. पण निघून नाही राहिली. बोट सुजलं म्हणते पोरगी. तेल लावलं, साबण लावला. परवा मोठी येऊन राहिली नागपूरहून. तिच्या येण्याआधी काही झालं तर ठीक. नाही तर साक्षगंध राहिलं म्हणून समजा."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीला मी आतापर्यंत एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्यांच्या बशीपलीकडून. तिनं बशी ठेवताना माझ्या शर्टाच्या खिशातल्या यादीकडे पाहून हसू दाबलं होतं. सांगण्यासारखं एवढंच, पण पांढुर्ण्याच्या बसमध्ये मला कळलं की हे स्थळ मोडलं तर दुसरी यादी करायची माझी तयारी नाही.

काकांच्या दुकानात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. खिडकीत स्वच्छ उजेड होता. मी सगळं सांगितलं.

"मोडते तर मोडते," काका खड्यावरून नजर न काढता म्हणाले. "सोयरीक जुळवणं माझ्या हातचं काम होय का?"

"काका, तुम्ही स्वतः येऊन सांगितलं तर त्यांना पटेल."

"दुकान सोडून? उजेडाच्या टायमाले?"

"आणि ती अंगठीही निघत नाहीये. बोटात अडकली."

काकांनी चिमटा ठेवला. "काय म्हटलं?"

"अडकली. साबण लावूनही निघत नाही."

काका उठले. भिंग बंडीच्या खिशात टाकलं आणि भर उजेडाच्या वेळी दुकानाला कुलूप लावलं. शेजारचे तीन सोनार बाहेर येऊन पाहत उभे राहिले. बसमध्ये सगळा रस्ताभर ते खिडकीबाहेर पाहत एकच वाक्य म्हणत होते, "अडकली म्हणते!" तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरलाही त्यांनी तेच सांगितलं.

मोहगावला सासूबाई दारातच होत्या. "हेच का ते पितळवाले?"

काकांनी नमस्कार केला नाही, पाणी मागितलं नाही. "पोरगी कुठं आहे?"

ती आली. डावा हात पदराखाली.

"हात," काका म्हणाले.

तिनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. काकांनी दोन बोटांत अंगठी धरली, किंचित फिरवली आणि ओढली. पिकलेलं बोर देठावरून निघावं तशी ती त्यांच्या हातात आली.

अंगठी होती त्या जागी बोटाभोवती हिरवागार पट्टा उमटला होता.

"निघत नव्हती म्हणे!" सासूबाई म्हणाल्या.

"पाहा!" काकांचा आवाज घरभर घुमला. "ढिली आहे! मी केसभर ढिलीच ठेवतो. अडकली म्हणते!" मग त्यांची नजर बोटावर गेली. "अन् हे काय? हा हिरवा पट्टा नुसती दिवसा घालून येत नाही. रात्री काढली नाही वाटते. चिठ्ठीत लिहिलं होतं ना, रात्री काढून ठेवावी म्हणून."

"चिठ्ठी मिळाली नाही," ती हळूच म्हणाली.

"अगं, पण पितळ आहे हे कळल्यावर तरी काढाची!"

तिनं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सासऱ्यांनी घसा खाकरला आणि एकाएकी छताच्या वाशांकडे पाहू लागले. सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या हिरव्या पट्ट्याकडे, आणि आत गेल्या. मला वाटलं, आम्ही दिलेली ओटीची साडी परत करायला आणायला गेल्या.

काकांना या कशाचाही पत्ता नव्हता. ते नमुना घेऊन खिडकीशी बसले होते, डोळ्याला भिंग.

"कापसाचा तंतू. नखात गुंतला आहे. वेचणीले जाते वाटते?"

"जाते," सासरे म्हणाले.

"काच धुरकटली. संत्र्याच्या सालीचं तेल. एक नख वाकलं, हे बादलीच्या कडीनं. अन् ही कणिक. वाळलेली, दोन्ही टायमाची. या घरात कणिक हीच मळते."

सासूबाई ताट घेऊन बाहेर येत होत्या, त्या उंबऱ्यात थांबल्या. "मीही मळते की!"

काकांनी भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. "या आठवड्यात नाही."

पहिले हसले सासरे. मग दाबून दाबून ती. शेवटी सासूबाईंनाही हसू आलं आणि त्यांनी ताट खाली ठेवलं. त्यात पोहे होते, चार बशा. माझी बशी माझ्यासमोर सरकवत त्या म्हणाल्या, "घ्या जावईबापू."

"पंजा रद्द," काका पोहे खात म्हणाले. "कोंदण. खालून उघडं ठेवतो, म्हणजे कणिक पाण्यानं निघून जाईल."

"पण मग हिरा लहान दिसेल ना जी?" सासूबाईंनी विचारलं.

"चष्मा लावता ना, बाई?"

निघताना काकांनी नमुना खिशात घालायला उचलला, तर तिनं हात पुढे केला. "काका, तो मला द्या."

"नमुना परत लागते. दोरीत ओवाचा आहे."

"नाही देत," ती म्हणाली, आणि त्यांच्या तळहातावरून तो उचलून घेतला. तिचा पूर्ण आवाजातला पहिला शब्द मी ऐकला तो हा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. बाब सत्तावीस माझी होती. मी सांगायला हवं होतं. मी पोह्याची बशी चाटूनपुसून साफ करण्यात गुंतलो.

साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. मुलीच्या नागपूरच्या मोठ्या बहिणीनं माझ्यासमोर ओवाळणीचं ताट धरलं तेव्हा तिच्या अंगठीचा पंजा माझ्या शालीत गुंतला. ताट एकीकडे, शाल एकीकडे. दोघीतिघी सोडवत बसल्या. मांडवाच्या कडेला बसलेले काका सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "कोंदण!"

त्यानंतर पांढुर्ण्याला गेलो की बायकोला घेऊन त्यांच्या दुकानात जावंच लागे. ते तब्येत विचारत नसत. "हात," म्हणत, भिंग लावत आणि आमच्या संसाराचा अहवाल वाचत. एकदा म्हणाले, "भांडी सगळी तूच घासतेस वाटते?" मी दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भांडी माझ्या यादीत घेतली, ती अजून तिथंच आहेत. निघताना दरवेळी विचारत, "अन् नमुना?" ती म्हणे, "नाही देत, काका." पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. भिंगातून काही दिसेना, तेव्हा अंगठ्यानं खडा चाचपत. "बसलेला आहे," म्हणत, आणि मग तोच प्रश्न.

काका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुकानात बल्ब आले. त्यांच्या मुलानं चांगले वीस-पंचवीस लावलेत. मागच्या महिन्यात आम्ही दोघं गेलो होतो. त्या झगमगाटात खिळ्यावर दोरी मात्र तशीच होती. मी चष्मा वर करून पाहिलं. एका जागी अंगठी नव्हती, नुसती चिठ्ठी लोंबत होती. आमचं नाव, मोहगाव, आणि खाली काकांच्या अक्षरात: यायचा आहे.

"आता तरी देऊन टाकू," मी बायकोला म्हणालो. "बिचारे वाट पाहत गेले."

नमुना आमच्या देवघरात असतो. दिवाळीत ती तो देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासते आणि दिवसभर बोटात घालते. संध्याकाळी बोट माझ्यासमोर धरते. पट्टा फिका असतो, पण असतो.

"नाही देत," ती म्हणाली.

त्या जुन्या वहीत सव्वीस बाबींपुढे खूण आहे. सत्ताविसावी मी दरवर्षी नव्या वहीत उतरवून घेतो.